संगणकातील न दिसणारी अडगळ



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे तो कोणाला फार किरकोळ वाटेल. संगणकाची डिस्क भरली, आता पुसायचे काय, एवढाच तो प्रश्न. परंतु खेड्यातल्या शाळेत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत, दूध संस्थेत, फार काय घरातल्या फोनमध्येही हा प्रश्न आज वारंवार उभा राहतो, आणि बहुतेक जण त्याचे उत्तर घाईने देतात. मीही एकदा असेच घाईने दिले. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्याला लागले की सातपूर येते. आज सातपूर म्हटले की कारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. पण सातपूर हे मूळचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि त्यानंतरच्या वर्षांत या गावच्या शिवारात औद्योगिक वसाहत पसरत गेली. वसाहतीच्या आधीचे शिवार ज्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. तेथल्या एका शाळेतल्या बाईंच्या मनात आले की मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना बोलते करावे. विहिरी कोठे होत्या, कोणाचे शेत कोठे होते, पहिल्या कारखान्यात कामाला कोण लागले, पगार झाला की घरी काय आणले, असे प्रश्न बाईंनी लिहून दिले. मुलांनी पालकांच्या फोनवर ते बोलणे चित्रित करून आणले. असे ४१ व्हिडिओ जमले. फोनवरच्या चांगल्या चित्रीकरणाला मिनिटाला सव्वाशे एमबीच्या आसपास जागा लागते. तेव्हा सगळे मिळून २२ जीबी भरले. शाळेत संगणक एकच. त्याच्या डेस्कटॉपवर बाईंनी ते एका फोल्डरात ठेवले.

ही गोष्ट २०१८ च्या जानेवारीतली. वरून मागवलेली शाळेची माहिती दुसऱ्या दिवशी पाठवायची होती आणि संगणक म्हणू लागला, डिस्कवर जागा नाही. संगणक शिकवणारा माणूस म्हणून बाईंनी मला बोलावले. मी काय केले? समोर दिसणारी सर्वांत मोठी वस्तू शोधली. ती म्हणजे हा २२ जीबीचा फोल्डर. बाई म्हणाल्या, “सर, ह्याची दुसरी प्रत नाही हो.” मी म्हणालो, “बाई, पालकांच्या फोनमध्ये असेलच की!” आणि पुसला. नुसते पुसून जागा मोकळी होत नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून रिसायकल बिन, म्हणजे संगणकाची कचरापेटी, तीही रिकामी केली. माहिती वेळेवर गेली. बाईंनी चहा दिला.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला, “सर, पुन्हा भरली.”

आता मात्र मी चरकलो. २२ जीबी म्हणजे काही एखादे पत्र टंकलिहिल्याने भरणारी जागा नव्हे, आणि मधल्या काळात शाळेत कोणी काही मोठे काम केले नव्हते. मग वही-पेन्सिल घेऊन बसलो. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

डिस्क होती ३२० जीबीची. विंडोज ती २९८ दाखवीत होते. येथे पुष्कळांना वाटते की दुकानदाराने फसवले. तसे नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. एकाच धान्याला दोन मापे लावल्यासारखे ते आहे. ५०० जीबीची डिस्क म्हणूनच ४६५ दिसते. असो. तर २९८ पैकी २९६ जीबी भरलेले. मग मी एकेका मोठ्या फोल्डरवर जाऊन त्याचे आकारमान वहीत लिहिले. वापरणाऱ्यांच्या फाइली ६१, बसवलेले प्रोग्रॅम १२, खुद्द विंडोजचा फोल्डर २४. बेरीज झाली ९७. घरात पोती मोजली ९७ आणि कोठीची वही सांगते २९६! मधली १९९ जीबी गेली कोठे?

लपवलेल्या फाइली दाखव, असे संगणकाला सांगितल्यावर आणखी काही सापडले. यंत्र झोपवताना चालू काम जसेच्या तसे लिहून ठेवण्यासाठी विंडोज एक फाइल राखून ठेवते. तिचे नाव हायबरफिल. ती ३ जीबीची होती. स्मृती अपुरी पडली की डिस्कवर पसरायला घेतलेली जागा म्हणजे पेजफाइल, ती ४ जीबी. बिघाड झाल्यास मागे जाता यावे म्हणून घेतलेल्या जुन्या नोंदी, ज्यांना रिस्टोअर पॉइंट म्हणतात, त्या १० जीबी. सगळे मिळून १७. अजून १८२ जीबीचा पत्ता नव्हता.

शेवटी विनडिरस्टॅट नावाचा एक मोफत प्रोग्रॅम लावला. डिस्कवरची प्रत्येक फाइल मोजून, तिच्या आकाराप्रमाणे लहानमोठे रंगीत चौकोन तो मांडतो. तो साध्या वापरणाऱ्याच्या अधिकाराने न चालवता व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवला आणि पडदाभर एकाच रंगाचे चौकोन पसरले. विंडोजच्या फोल्डरात टेम्प, म्हणजे तात्पुरत्या वस्तूंचा एक फोल्डर असतो. साध्या वापरणाऱ्याला तो उघडता येत नाही, त्यामुळे मी मघाशी घेतलेल्या मापात तो मोजलाच गेला नव्हता. त्यात कॅब जातीच्या फाइली पडल्या होत्या, एकेक सुमारे शंभर एमबीची, आणि संख्येने अठराशेच्या वर.

त्या आल्या कोठून, हे ऐकण्यासारखे आहे. शाळेच्या संगणकावर विंडोज ७ होते. आपल्यात कोणत्या दुरुस्त्या बसवल्या याची रोजनिशी विंडोज लिहीत असते. रोजनिशी फार वाढली की तिची जुनी पाने दाबून, लहान करून ठेवायची, अशी त्यात सोय आहे. परंतु हे दाबण्याचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला दोन जीबीपेक्षा मोठी फाइल झेपत नाही. रोजनिशी एकदा त्याच्या पलीकडे गेली की तो काम सुरू करतो, अर्ध्यावर टाकतो, आणि अर्धवट झालेली फाइल टेम्पमध्ये तशीच सोडून देतो. थोड्या वेळाने पुन्हा सुरू करतो आणि पुन्हा सोडतो. विंडोज ७ मध्ये हा दोष अनेकांनी अनुभवला. जागा वाचवण्यासाठी ठेवलेल्या गड्यानेच कोठी भरून टाकावी, असा हा प्रकार. फाइलींवरच्या तारखा पाहिल्या तर हे जून महिन्यापासून चालले होते. ती मोठी रोजनिशी आणि सगळ्या कॅब फाइली पुसल्या. पंधरा मिनिटांत १८२ जीबी मोकळे झाले.

पण आजी-आजोबा? पुसलेली फाइल तत्काळ नाहीशी होत नसते. पाटीवर लिहिलेले पुसावे तसे ते नाही. सूचीतले तिचे नाव काढतात आणि ती जागा मोकळी म्हणून नोंदतात, एवढेच. दुसरे काही त्या जागेवर लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथे पडून असतो, आणि तो परत मिळवणारे प्रोग्रॅम असतात. मी तो प्रयत्न केला. परंतु मधल्या तीन आठवड्यांत त्याच मोकळ्या जागेवर कॅब फाइली लिहिल्या जात होत्या. ४१ पैकी ६ व्हिडिओ धड निघाले. पालकांच्या फोनमध्ये आणखी ९ मिळाले. बाकीच्यांनी फोन भरला म्हणून ते केव्हाच पुसले होते. काही आजी-आजोबांनी मुलांशी पुन्हा बोलायची तयारी दाखवली. दोघे तोवर राहिले नव्हते. बाई मला काही बोलल्या नाहीत.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, डिस्क भरली की आपला हात प्रथम जातो तो आपण स्वतः ठेवलेल्या वस्तूंकडे, कारण त्याच तेवढ्या दिसतात. फोटो, मुलांची कामे, जुनी हजेरीपत्रके. ज्यांची दुसरी प्रत जगात कोठे नाही त्या गोष्टी आधी बळी पडतात, आणि यंत्राने आपणच साठवलेले, पुन्हा केव्हाही तयार होऊ शकणारे, ते तसेच राहते.

या वस्तू लपवतात तरी कशाला, असे मुले विचारतात. बहुतेक वेळा हेतू चांगला असतो. चुकून कोणी मोडू नये म्हणून. विंडोजमध्ये प्रत्येक फाइलीला लपवलेली असा एक शिक्का मारता येतो. लिनक्समध्ये रीत वेगळी आहे: नावाच्या आधी टिंब दिले की फाइल यादीत दिसत नाही. या टिंबाची गोष्ट गमतीची आहे. लिनक्सचा पूर्वज युनिक्स हा अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून तयार होत गेला. त्यात प्रत्येक फोल्डराच्या यादीत एक टिंब आणि दोन टिंबे अशी दोन नावे आपोआप असत; ती दिसू नयेत म्हणून यादी दाखवणाऱ्या प्रोग्रॅमात, टिंबाने सुरू होणारे नाव दिसले की ते सोडून द्या, एवढा सोपा नियम घातला गेला. तेथेच पुढे काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिले की ही लपवण्याची युक्ती मुद्दाम काढलेली नसून त्या आळसातून आलेली आहे. आज घरोघरच्या अँड्रॉइड फोनमध्येही ते टिंब आहे, कारण अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्सच आहे.

आता कामाचे बोलू. पहिले काम बेरजेचे. डिस्क किती भरली आहे तो आकडा वहीत लिहा आणि दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज त्याच्याशी ताडून पाहा. फरक थोडा असेल तर अडगळ आपलीच आहे. फरक मोठा असेल तर आपल्या फाइलींना हात लावू नका. नव्या विंडोजमध्ये ही बेरीज यंत्रच बरीचशी करून देते: सेटिंग्ज उघडा, त्यात सिस्टीम आणि त्यात स्टोरेज. कशाला किती जागा लागली याच्या पट्ट्या तेथे दिसतात. लपवलेल्या फाइली पाहायच्या तर फाइलींच्या खिडकीत व्ह्यू या शब्दाखाली हिडन आयटम्स असे आहे, त्यावर खूण करावी. लिनक्स असेल तर फाइलींच्या खिडकीत कंट्रोल आणि एच ही दोन बटणे एकदम दाबली की टिंबवाले सारे समोर येते.

सेटिंग्जमध्ये टेम्पररी फाइल्स म्हणून एक यादी दिसेल. ती निर्धास्तपणे पुसता येते, पण एका अटीवर. त्या यादीत डाउनलोड्स असेही एक नाव असते. आपण मेलमधून, शासनाच्या संकेतस्थळावरून जे जे उतरवून घेतो ते सारे तेथे जाते, आणि निम्म्या शाळांची कागदपत्रे तेथेच वर्षानुवर्षे पडलेली असतात, हे मी पाहिले आहे. यादीत ते नाव आले म्हणून ते तात्पुरते ठरत नाही. त्यावर खूण करू नका.

सध्या एक नवी अडगळ फार दिसते. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जी यंत्रे पेलू शकतात त्यांवर लोक विंडोज ११ चढवीत आहेत. नवे चढवताना जुने विंडोज एका बाजूला ठेवले जाते, विंडोज डॉट ओल्ड या नावाने. न जमल्यास परत फिरता यावे म्हणून ती सोय. साधारण दहा दिवसांनी ते आपोआप जाते. पण डिस्क लहान असेल आणि नवे नीट चालत आहे अशी खात्री झाली असेल, तर त्याच टेम्पररी फाइल्सच्या यादीतून ते आधीही काढता येते. मात्र आपल्या सगळ्या फाइली नव्यात आल्या की नाही, हे पाहूनच. एकदा गेले की परतीची वाट बंद.

रिस्टोअर पॉइंटसाठी किती जागा द्यायची ते सिस्टीम प्रोटेक्शनमध्ये ठरवता येते. सगळेच बंद करू नये, थोडी जागा राहू द्यावी. हायबरफिल नको असेल तर ती हाताने पुसायची नसते, यंत्राची ती सोयच बंद करावी लागते, आणि मग यंत्र चालू व्हायला थोडा अधिक वेळ घेते. पेजफाइलच्या वाटेला जाऊ नये. विंडोजच्या पोटात इन्स्टॉलर नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो, तोही मोठा दिसतो. तो पुसला तर लगेच काही बिघडल्यासारखे वाटत नाही. पुढे एखादा प्रोग्रॅम काढायला किंवा दुरुस्त करायला गेलो की अडते. आणखी एक, विनएसएक्सएस. त्याचा आकडा पाहून छाती दडपते, पण त्यातल्या पुष्कळ फाइली म्हणजे दुसऱ्या जागी असलेल्या फाइलींचीच दुसरी नावे असतात. एकच माणूस दोन हजेरीपत्रकांत मोजावा तसा तो आकडा फुगलेला असतो. त्याला हात लावू नका.

पेनड्राइव्हची तक्रार वेगळी. पुष्कळ शाळांच्या संगणक कक्षात लिनक्स आहे. तेथे पेनड्राइव्हवरची फाइल डिलीटने पुसली की ती त्याच पेनड्राइव्हवर एका टिंबवाल्या कचरापेटीत जाते. शिक्षक पाहतात तर पेनड्राइव्ह रिकामा, आणि नवे काही ठेवायला जावे तर जागा नाही! कित्येकांनी असे पेनड्राइव्ह खराब झाले म्हणून टाकून दिले आहेत. कंट्रोल-एच दाबा, टिंब-ट्रॅश अशा नावाचा फोल्डर दिसेल. तो उघडून पाहा, हवे असेल ते बाहेर काढा आणि उरलेले पुसा.

याच्या उलटही घडते. एका जातीचा विषाणू पेनड्राइव्हवरच्या सगळ्या फोल्डरांवर तो लपवल्याचा शिक्का मारतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. माणूस घाबरतो, सारे गेले म्हणतो, आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळा होतो. वास्तविक फाइली तेथेच असतात. त्याची खूण हीच की दिसत काही नाही पण जागा भरलेली आहे. म्हणजे हा बेरजेचा हिशेब नुसता जागा मिळवायला नव्हे, हरवलेले सापडायलाही उपयोगी पडतो. अशा वेळी त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये आणि फॉरमॅटही करू नये. विषाणू काढून लपवल्याचा शिक्का पुसला की फोल्डर पुन्हा दिसू लागतात.

राहता राहिला फोन. शेतावर असलेल्या माझ्या श्रोत्यांकडे संगणक नसला तरी हा आहेच. फोन भरला की लोक प्रथम लग्नाचे, नातवंडांचे फोटो पुसतात. थांबा. व्हॉट्सॲप उघडा, सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा आणि त्यात मॅनेज स्टोरेज. अनेकदा फिरत आलेले संदेश आणि मोठ्या फाइली तेथे वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. रोज सकाळी येणारी फुलांची चित्रे आणि तीच ती भाषणे खुशाल पुसा. तुम्ही स्वतः गॅलरीतला एखादा व्हिडिओ कोणाला पाठवला तर त्याची आणखी एक प्रत सेंट नावाच्या फोल्डरात बसते आणि ती गॅलरीत दिसत नाही. कारण तेथे नोमीडिया नावाची, आधी टिंब असलेली, एक फाइल पहाऱ्याला बसवलेली असते. फोनच्या फाइल्स या ॲपमधून तो फोल्डर पाहता येतो. आणि गुगल फोटोजमधून पुसलेला फोटो लगेच जात नाही. वर साठवलेला नसेल तर ३० दिवस आणि साठवलेला असेल तर ६० दिवस तो कचरापेटीत थांबतो. चुकून पुसलेल्याला ही मुदत वरदान, आणि आज जागा हवी असणाऱ्याला अडचण.

सातपूरच्या त्या बाई आता दुसऱ्या शाळेवर आहेत. उरलेले पंधरा आणि पुन्हा घेतलेले व्हिडिओ त्यांनी एका वेगळ्या डिस्कवर आणि शाळेतल्या एका पेनड्राइव्हवर ठेवले आहेत. परवा त्यांचा फोन आला होता. त्या पेनड्राइव्हमध्ये जागा शिल्लक नाही असे यंत्र सांगत होते. मी म्हणालो, “बाई, काही पुसू नका, मी येतो.” त्या म्हणाल्या, “सर, बेरीज मी केली आहे. टिंबवाली कचरापेटी सापडली. तुम्ही नुसते चहाला या.”